पाच टोपले माती

राम राम नाही, नमस्कार नाही. माणूस समोर दिसला की आबाजींचा पहिला प्रश्न एकच. "टाकले का?"

मी बदली होऊन त्या गावात आले, तो दिवस आठवतो. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात गॅसची शेगडी, बसमध्ये उभी राहून पाय दुखून आलेले. खोली बघायला त्यांच्या अंगणात शिरले तर सत्तरीचा उघडाबंब म्हातारा, खाली खाकी हाफपँट, डोक्याला ओला पंचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेगडीकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाले, "टाकले का?"

मी म्हटलं, "काय टाकले का?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, त्या नर्सबाई आजच येऊन राहिल्या गावात. त्यायले काय मालूम?"

"आज आल्या असन," म्हातारा म्हणाला. "पन चूल त आजच पेटन ना?"

खोली मिळाली. भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत उरकलं, टोपल्यांचं बोलणं मात्र तासभर चाललं. मी लाखनीची, हायवेवर ट्रकांचे हॉर्न ऐकत वाढलेली. मला हे प्रकरण काहीच्या काही वाटलं. पण उन्हातून आले होते, आजींनी लोट्याभर पाणी दिलं होतं, म्हणून ऐकून घेतलं.

गाव कोंढ्याच्या पुढं, पवनी तालुक्यातलं. मी तिथल्या उपकेंद्रात नर्स होते. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव आहे, पाणी अडवणारी त्याची मातीची लांब पार, आणि पारेखाली गावाच्या सगळ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. म्हातारे त्या तलावाचे पाणकर. म्हणजे कुणाच्या बांधीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, हे ठरवणारा माणूस. त्यांच्या बापाकडे हेच काम होतं, आज्याकडेही हेच. गाव त्यांना पाणकर म्हणे, मी आबाजी म्हणू लागले.

तर आबाजींनी सांगितलेली गोष्ट अशी. तलाव बांधला तेव्हा पार तीनदा फुटली. चौथ्यांदा बांधताना गावातल्या जुन्या माणसांनी पारेवर एक शेंदराचा दगड ठेवला, त्याला माय म्हटलं, आणि मायला शब्द दिला. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला गावातली प्रत्येक चूल आपल्या हातानं पाच टोपले माती पारेवर टाकेल. मजूर लावून नाही, पैसे देऊन नाही, आपल्या हातानं. त्याच्या बदल्यात माय पाणी धरून ठेवेल. "तिनं आपलं पाळलं," आबाजी म्हणाले. "शंभर वर्ष झाले, जास्त झाले. एक थेंब तिनं वावगा जाऊ नाही देल्ला."

मी म्हटलं, "आबाजी, आधीच सांगून ठेवते. मी बौद्ध घरची आहे. देवीबिवी मी मानत नाही."

मला वाटलं आता पेटी उचलून बाहेर पडावं लागेल. म्हातारा हसला. खालचे दोन दात तेवढे होते.

"नका मानू जी. माय काई मतं मागाले नाई आली. शब्द त मानता ना?"

"शब्द मानते."

"मंग झालं."

पहिल्या वर्षी मी टाकले. साडी खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून, पाच टोपले. तळहाताला फोड आले, दोन दिवस इंजेक्शन धरताना सुई हलायची. आबाजी पारेवर उभे राहून बघत होते. मधेच मला म्हणाले, "तिकडं नोका टाकू, इकडं या. इथं घुशीनं बीळ केलं." तेव्हा लक्षात आलं की माती हे निमित्त आहे. वर्षातून एकदा गावाचे सगळे पाय त्या पारेवरून फिरत, सगळ्या डोळ्यांना तिची बिळं आणि भेगा दिसत. पण हे मी त्यांना बोलून दाखवलं तर ते रागावले. "निमित्त कायचं? शब्द हाये तो!"

आबाजींचं सगळंच जगावेगळं. जेवायला बसत ते तलावाकडे तोंड करून, मधे भिंत असली तरी. पारेवरून चालताना चप्पल हातात घेत आणि सारखे वाकून कान लावत. गावात लग्न असलं की स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या कानात विचारत, "टाकले का?" नवरदेव बिचारा सुटाबुटात घामाघूम. एकदा मोठे पुढारी रस्त्याच्या उद्घाटनाला आले. आबाजी हार घेऊन पुढं गेले, हार घातला आणि विचारलं, "टाकले का?" पुढारी म्हणाले, "टाकू ना काका, टाकू. लवकरच निधी टाकू." सगळं गाव हसलं. आबाजी तेवढे हसले नाहीत. परत येऊन मला म्हणाले, "थो मानूस बाहेरचा हाये, त्याचं सोडा. पन हे कायले हासून राहिले?"

त्यांना काय दुखत होतं ते मला हळूहळू कळलं. गाव शब्द विसरलं असतं तर त्यांनी आठवण करून दिली असती. गाव विसरलं नव्हतं. गावानं शब्द लहान लहान करत नेला होता. आधी लोक आपल्या जागी मजूर पाठवू लागले. मग पाच टोपल्यांची पाच घमेली झाली. मग पाच ओंजळी. मी दुसऱ्या वर्षी बघितलं तर बाया नव्या साड्या नेसून स्टीलच्या ताटात हळदकुंकवाशेजारी पाच चिमट्या माती घेऊन पारेवर चालल्या होत्या. ती चिमूटसुद्धा पारेवर न टाकता दगडाला वाहायची, फोटो काढायचा, मोबाइलवर स्टेटस ठेवायचा आणि घरी येऊन पुरणपोळी खायची. आणि गंमत बघा, माती कमी होत गेली तसतशी मायची भक्ती वाढत गेली. नवरात्रात भोंगा आला, जागरण आलं, महाप्रसाद आला. शेवटी सरपंचांनी मायला देऊळ बांधायचं ठरवलं. टाइल्सचं, गुळगुळीत.

देवळाचं जोतं भरायला मुरूम पाहिजे होता. लांबून आणायचा कंटाळा. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की पारेच्या मागच्या अंगाला माती भरपूर आहे, तीच घ्या. जेसीबी आलं.

आबाजी जाऊन जेसीबीच्या फावड्यात बसले. खरंच बसले, मांडी घालून, हाफपँटवर. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. सरपंच आले, समजावू लागले, "आबाजी, मायचंच काम आहे ना? मायसाठीच करून राहिलो."

"मायच्या आंगावरची माती काहाडून मायले घर बांधता?" आबाजी ओरडले. "काहून, बे? तिनं मांगलं होतं का घर? तिनं पाच टोपले मांगले होते!"

चार जणांनी त्यांना उचलून खाली ठेवलं. हलक्या हातानंच ठेवलं, खोटं का बोलू. कुणी त्यांचा पंचा झटकून परत दिला. आणि मग माती काढली. पारेच्या पाठीत बैलबंडी उभी राहील एवढा खड्डा पडला.

त्या दिवसापासून ते सकाळी गावातून फिरत ओरडू लागले. "बेइमान गाव! माय तोंड फिरवन! सबन बेइमान!" चावडीपासून शेवटच्या घरापर्यंत. सबन म्हणजे सगळे, एकही सुटत नसे. पोरांनी त्यांची नक्कल बसवली. कुणीतरी व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला, खाली हसणारी तोंडं. माझ्याही मोबाइलवर आला. मीही हसले. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

एकदा मी त्यांना चिडवलं होतं, "आबाजी, तुमची माय फारच रागीट दिसते."

"नाई जी," ते म्हणाले. "रागावनारी माय बरी. चार फटके देते आन जवळ घेते. हे रागावत नाई. हे तोंड फिरवते. मंग तलावात पानी राह्यते, माय नाई राह्यत. आन नुसत्या पान्याले कोनाची ओळख नसते."

"मग तुम्ही लोकांना कशाला घाबरवता?"

ते म्हणाले, "माहं खरं होऊ नाई म्हनून बोंबलतो, बाई. खरं होयाले पाह्यजे म्हनून नाई."

तिसऱ्या वर्षापासून मीही ताटात चिमूट नेऊ लागले. कारणं होतीच. लसीकरण, सर्वे, बाळंतपणं, वरून रोज नवा कागद. आबाजी विचारत, "टाकले का?" मी म्हणे, "हो, वाहिली ना माती." ते माझ्या हाताकडे बघत. कोरडे हात.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आजी माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, यायच्या जांघीत गाठ आली हाये. मले दाखवत नाई, तुमी पाहा." मी पाहिलं. हर्निया, तोही चांगला मोठा. मी वैतागले. या वयात हा माणूस उचलतो तरी काय? धानाची पोती उचलायला गडी होता, बैलांचं बघायला पुतण्या होता.

आजींनी पदर तोंडाला लावला. "पहाटे टोपले उचलते थे."

"कसले टोपले?"

"सबनचे. ज्यानं टाकले नाई त्याच्या नावानं हे टाकते. त्या खड्ड्यात. नाव घेते आन टाकते. पाच या घरचे, पाच त्या घरचे. वर्षभर पुरते एवढं काम. खड्डा अर्धा भरत आनला हाये." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचेबी टाकते."

उजाडलं की गावाला बेइमान म्हणून शिव्या देणारा माणूस रोज पहाटे त्याच बेइमानांची नावं घेऊन त्यांची माती वाहत होता. शिव्या सगळ्यांना ऐकू येत होत्या. टोपले कुणाला दिसत नव्हते.

ऑपरेशन करायलाच पाहिजे होतं. भंडाऱ्याला घेऊन जायचं ठरलं, तर म्हातारा खाटेवरून उठेना. "अक्षय्य तृतीया तोंडावर आली. टाकन कोन?" डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशननंतर सहा महिने वजन उचलायचं नाही. हे मी सांगितल्यावर तर त्यांनी भिंतीकडे तोंडच केलं.

"आबाजी, तुम्ही मेलात तर कोण टाकणार?" मी तोडून बोलले. माझी सवयच ती.

ते वळले. "आयका जी. सबनचे तुमच्यानं होनार नाई. पन मी मायले सांगून ठेवलं हाये. एक चूल इमानी राह्यली तरी थांब म्हनलं. आतावरी माही होती. या साली मले जमत नाई. तुमी टाकान का पाच? त्या खड्ड्यापाशी. तुमच्या हातानं."

"टाकते."

"शब्द?"

"शब्द, आबाजी."

मग ते मुकाट्यानं गाडीत बसले. कारध्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा वैनगंगेकडे बघून हात जोडले आणि मला म्हणाले, "हे मोठी माय. आमची लहान हाये, पन आमच्याशी बोललेली हाये." ऑपरेशन नीट झालं.

आणि मी टाकले नाहीत.

कुणाचा खून केला, चोरी केली, असं काही असतं तर सांगायला तरी काही राहिलं असतं. मी फक्त टाकले नाहीत. अक्षय्य तृतीयेला ऊन मरणाचं होतं आणि खालच्या टोलीत, म्हणजे पारेखालच्या वस्तीत, एक बाळंतपण अडलं होतं. दुसऱ्या दिवशी तालुक्याला मीटिंग. तिसऱ्या दिवशी टोपला काढून दारात ठेवला. मग आठवडाभर तो दारातच होता, त्यात कोंबडी बसू लागली. पाचच टोपले, अर्ध्या तासाचं काम. उद्या टाकू, उद्या टाकू. कोण बघायला येतंय?

आबाजी घरी आले. गाडीतून उतरता उतरता, पोटाला हात धरून, मला विचारलं, "टाकले का?"

मी म्हटलं, "टाकले."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. त्यांनी आजींकडून गूळ मागवला, मला दिला, शेजारीपाजारी वाटला. "नर्सबाईनं टाकले! देव मानत नाई, पन शब्द मानते!" त्या दिवसापासून ते गावात ओरडायचेही थांबले. अंगणात खाटेवर पडून राहत, तलावाकडे तोंड करून, शांत. आजी म्हणाल्या, "इतक्या वर्षात असे झोपले नाई बाई हे." मला वाटलं, जाऊ द्या, खोट्यानं का होईना, म्हाताऱ्याला आराम मिळाला.

पोळ्याच्या आधी तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी उपकेंद्रात बीपी मोजत होते. आवाज आला. ट्रकचा टायर फुटतो तसा नाही, जाडजूड कापड फाटत जातं तसा, लांबलचक. बाहेर आले तर लोक पळत होते आणि पारेमधे आभाळ दिसत होतं. जिथं तो अर्धा भरलेला खड्डा होता, तिथंच.

माणूस एकही गेला नाही, दिवसाची वेळ होती म्हणून. खालच्या टोलीतली घरं बसली. बैल वाहून गेले. रोवणी झालेल्या बांध्यांवर गाळ आणि रेती, हिरवं असं काही उरलंच नाही. आबाजींची बांधी पारेला लागून, म्हणून सगळ्यात आधी तीच गेली. घराची मागची भिंतही पडली. देवळाला मात्र काही झालं नाही, ते उंचावर होतं. टाइल्ससुद्धा ओल्या झाल्या नाहीत.

सगळ्यांना शाळेत आणून ठेवलं. मी गोळ्या वाटत, जखमा बांधत फिरत होते. लोक आबाजींकडे चोरून बघत होते. आता म्हातारा ओरडेल, आता म्हणेल, सांगितलं होतं ना? सरपंच तर स्वतः जाऊन त्यांच्या पायाशी बसले. "बोला, आबाजी. शिव्या द्या आम्हाले." आबाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते, अंगावर कुणाचं तरी ब्लँकेट. ते एक शब्द बोलले नाहीत.

मी जवळ गेले, नाडी बघायला मनगट धरलं. त्यांनी उलट माझंच मनगट धरलं. इतकं घट्ट, त्या काडीसारख्या बोटांनी.

"बाई," ते हळूच म्हणाले. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "एक इचारतो. खरं सांगान का?"

"विचारा."

"तुमी टाकले होते का?"

मी मनगट सोडवायला बघितलं.

"मी चार घंट्यापासून हेच इचार करून राहिलो," ते म्हणाले. "एक चूल इमानी असन त थांब म्हनलं होतं. तुमी त टाकले. मंग तिनं काहून असं केलं? म्हंजे मायच बेइमान झाली का? शंभर वर्ष माह्या बापानं, आज्यानं... कोनाले शब्द देल्ला मंग आमी? सांगा बाई. बांधी गेली त जाऊ द्या. भित गेली त जाऊ द्या. हे सांगा."

आयुष्यात मी कितीतरी वेळा पेशंटशी खोटं बोलले आहे. बरं वाटेल, काही होत नाही, लहानशी गाठ आहे. खोटं बोलून माणसाला धीर देणं माझ्या हातचं काम आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच असं झालं की खोट्यानं माणूस मरत होता आणि खऱ्यानं मी मरत होते.

"नाही टाकले, आबाजी," मी म्हटलं. "एकही नाही टाकला. तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मला वाटलं मारतील. मारायला पाहिजे होतं. ते माझ्याकडे बघतच राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण चेहरा, काय सांगू, चेहरा सुटला होता. बाळंतिणीचा सुटतो तसा.

"बरं झालं जी," ते म्हणाले. "बरं झालं सांगतलं. म्हंजे माय खरी हाये."

आणि समोरच्या बुडालेल्या बांध्यांकडे बघत त्यांनी दोन्ही हात जोडले. आजी त्यांच्या शेजारी बसून रडत होत्या, त्या कशासाठी रडत होत्या मला विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर ते चार महिने जगले. सरकारी मशीन येऊन पार बुजवून गेलं, दगडही लावले. पण दिवाळीनंतर गाव आपणहून टोपले घेऊन निघालं. सरपंच पहिले. आबाजींना खाटेसकट पारेवर नेऊन ठेवत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते विचारत, "टाकले का?" आणि लोक थांबून, चिखलाचे हात दाखवून सांगत, "टाकले, आबाजी."

मी रोज जात होते. ड्यूटीवर जाण्याआधी पाच, आल्यावर पाच. नखांतली माती निघत नव्हती, पेशंट नाक मुरडत. टोपला रिकामा करून मी मुद्दाम त्यांच्या खाटेसमोरून परत येई, हात पुढं धरून, हळूहळू. एकदा तरी विचारतील म्हणून. ते सगळ्या गावाला विचारत. मी समोर आले की गोड हसत, पंच्यानं तोंड पुसत आणि म्हणत, "जेवल्या का, बाई?"